जुन्या फ्लॅटची सुरक्षा तपासणी आणि आरसीसीबी : नऊ महिने वापरल्यानंतर

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९८६ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. आई-बाबा गावाहून कायमचे आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं आणि मला घराची धास्ती वाटायला लागली. आई पहाटे पाचला उठून ओल्या हातानंच गीझरचं बटण दाबते. म्हणून एप्रिलमध्ये एका इंजिनिअरला बोलावून घराची तपासणी करून घेतली. त्यांनी सांगितलेलं बहुतेक काम उरकलं, त्यात मेन बोर्डात आरसीसीबीही (करंट कुठे गळायला लागला की घराची लाइट तोडणारा सुरक्षा स्विच) बसवला.

तपासणीला अडीच तास लागले. सर्वांत लक्षात राहिली ती त्यांची छोटी हातोडी. हॉलच्या स्लॅबवर ठोकलं की टणटण वाजायचं. बाथरूमच्या एका कोपऱ्यात मात्र आवाज एकदम बद्द आला. आतली सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलत सुटं करते, असं त्यांनी समजावलं. तिथे आम्ही दोनदा प्लास्टर मारून रंग दिला होता. वरच्या बाथरूमची गळती थांबल्याशिवाय त्या प्लास्टरला काही अर्थ नव्हता. (इमारत तिशी ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, रिपोर्टमध्ये काय आलं, ते मागून वाचा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.)

स्वयंपाकघरात गॅसची नळी निघाली सात वर्षांपूर्वीची. त्या नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं असतं आणि तारीख नळीवरच छापलेली असते. मी रोज तिथे उभी राहून स्वयंपाक करते, पण ती तारीख कधी वाचली नव्हती. नळी त्याच दिवशी बदलली.

खरा धक्का अर्थिंगचा, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरचा होता. सोबत आलेल्या वायरमननं गीझरच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थला टेस्ट लँप लावला, तर दिवा पेटलाच नाही. बोर्ड उघडला तेव्हा अर्थची हिरवी वायर मागे कापून, गुंडाळी करून ठेवलेली दिसली. वर तीन पिनांचं सॉकेट, आत अर्थच नाही. इतकी वर्षं आम्ही त्यावर विसंबून होतो.

मग अर्थची वायर मीटरपासून नव्यानं ओढली, पोर्सिलेनचे फ्यूज काढून एमसीबी घातले आणि ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे तेवढा करंट गळला की पडणारा आरसीसीबी बसवला. दुकानात १०० चाही मिळतो, पण माणसाला शॉकपासून वाचवायला ३० चाच हवा. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट पाहतो; गीझरचा २० अँपिअरचा एमसीबी माणसाला शॉक बसला तरी पडणार नाही, कारण जीव जायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतोय का एवढंच पाहतो आणि फरक दिसला की सेकंदाच्या काही अंशात लाइट तोडतो. अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तोही वाचवू शकत नाही.

पहिला आठवडा वैतागाचा गेला. दिवसातून तीन-चार वेळा ट्रिप व्हायचं. एक वायरमन म्हणाला, "ताई, जुन्या घरात हे चालत नाही, काढून डायरेक्ट करून देतो." मी नकार दिला तेच बरं झालं. दुसऱ्यानं तासभर शोधून काढलं की इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय, म्हणून गेलेल्या-आलेल्या करंटचा हिशेब जुळत नाहीये. तो वेगळा केल्यावर त्रास थांबला.

जुलैतल्या जोरदार पावसात मध्यरात्री पुन्हा लाइट गेली. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर केला, मग एकेक एमसीबी चढवत गेलो. बाल्कनीचा चढवला आणि आरसीसीबी खटकन पडला. सकाळी तिथला होल्डर उघडला तर आत पाणी साचलेलं आणि तांब्याच्या तारेवर हिरवी बुरशीसारखी पूड. त्या दिव्याखालच्या लोखंडी ग्रिलवरच आई ओले कपडे वाळत घालते.

आणि डिसेंबरमध्ये ते झालं ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता. पहाटे पाचला आईनं गीझर लावला आणि घरभर अंधार झाला. आई टॉवेल खांद्यावर टाकून कोरडीच बाहेर आली, माझ्यावर चिडली. गीझर उघडला तेव्हा पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला चीर गेलेली दिसली. आधीच्या बोर्डात, कापलेल्या अर्थवर, ती नळाखाली उभी असती तर? हे लिहितानाही हात थरथरतो.

आता तक्रारी. इंजिनिअरांच्या रिपोर्टमध्ये चाळीस फोटो होते, पण वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचा मेगर त्यांनी आणलाच नव्हता. आणला असता तर बाल्कनीतली तार तरी एप्रिलमध्येच सापडली असती, असं मला वाटतं. तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर फी ठरवण्याआधी मेगर आणणार का आणि अर्थ तपासणार का, हे विचारा. नाही म्हणाले तर दुसरा माणूस शोधा.

दुसरी तक्रार माझ्या निवडीची. एकच आरसीसीबी असल्यानं एका दिव्याच्या दोषानं अख्खं घर बंद पडतं. सप्टेंबरात चार दिवस गावी गेलो, मागे ट्रिप झालं आणि फ्रीजमधलं सगळं फेकावं लागलं. आज काम करून घेतलं असतं तर प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ घातला असता. महाग पडतो, पण एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम तो एकटा करतो आणि दोष असेल तेवढीच लाइन बंद होते.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा कॉम्प्युटर बंद करायला सांगतात आणि ते दाबतात. दांडी लगेच पडली पाहिजे. नाही पडली तर आरसीसीबी बदलायचा. बाबांनी कॅलेंडरवर नऊ खुणा केल्या आहेत.

बाथरूमचा स्लॅब मात्र अजून तसाच आहे. वरच्या काकूंशी बोलणं झालंय, मार्चमध्ये त्या वॉटरप्रूफिंग करून घेणार आहेत, सळईचं काम त्यानंतर. तोवर बादली आणि पाट त्या कोपऱ्यातून दाराजवळ आणून ठेवलेत.