डबलबारीचं रेकॉर्डिंग: एमपीथ्री की ओपस?

आमच्या मालवणातल्या वाडीची डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातली भजनं साठवताना मी एमपीथ्री आणि ओपस हे दोन्ही ऑडिओ फॉरमॅट वापरून बघितले. एमपीथ्री कुठेही चालतं, विंडोज, मॅक, अँड्रॉइड, अगदी टेम्पोतल्या पेनड्राइव्हवाल्या प्लेअरवर पण, आणि पूर्वी लिनक्सवर जो ताप होता, म्हणजे पेटंटमुळे फेडोरासारखी डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) एमपीथ्रीचा डीकोडर, म्हणजे फाइल उलगडून वाजवणारा कोड, सोबत देतच नव्हती, वेगळा शोधून टाकायला लागायचा, तो पेटंटं संपत गेली तसा मिटला, एमपीथ्रीची पेटंटं असलेल्या जर्मन फ्राउनहोफर संस्थेचा लायसन्सिंग प्रोग्रामच २०१७ ला बंद झाला.

ओपस २०१२ चं स्टँडर्ड, रॉयल्टी-फ्री म्हणूनच बनवलेलं, त्याचा मूळ कोडही बीएसडी लायसन्सखाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा असा मोकळा आहे. आणि आवाज! ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे छोट्याच फाइलला) बुवांचा गळा नि पखवाजाची थाप कशी स्वच्छ येते, त्याच साइजच्या एमपीथ्रीत झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या वाटतात, मला ते ऐकवतच नाही. अँड्रॉइड ५ पासून ओपस थेट वाजतं. जुन्या आयफोनवर मात्र फाइल उघडत नाही, व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका, ते स्वतःचा डीकोडर घेऊन येतं.

मुंबईतल्या चाकरमान्यांना मी ओपसच पाठवतो, टेम्पोवाल्याला एमपीथ्री. फक्त एमपीथ्रीवरून ओपस करू नका हां, दोन्ही फॉरमॅट साइज कमी करायला आवाजाचा थोडा भाग टाकून देतात, म्हणून दोनदा क्वालिटी जाते, मूळ वेव्ह फाइल (न दाबलेलं रेकॉर्डिंग) ठेवा आणि तिच्यावरूनच दोन्ही काढा.