नऊवारी: नेसायची की शिवलेली घालायची?

लग्न ठरलं की साड्यांची यादी निघते आणि विधींच्या नऊवारीपाशी हमखास अडते. शिंप्याकडे टाकावी की नेसवणारीला बोलवावं? माझ्या कपाटात दोन्ही आहेत. दोन्ही अंगावर वागवून जे कळलं, ते सांगते.

शिवलेलीची सोय खरीच मोठी आहे. सलवारीसारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, निऱ्या आणि काष्टा आधीच शिवलेले, पदर तेवढा खांद्यावर लावायचा. पाच-दहा मिनिटांत बाई तयार. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत बुलेट चालवणाऱ्या किंवा कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवणाऱ्या मुलींना हीच बरी. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या चिमुरडीला तर दुसरा पर्यायच नको. शिवाय सहावारीतूनही ती होते. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड आणि सहावारी साडेपाच मीटरची. पण कमरेभोवतीचे वेढे आणि आतली खोचाखोची शिलाईत वाचते, म्हणून कमी कापडात भागतं.

पण शिवायची म्हणजे बहुतेक ठिकाणी साडी कापायची. माझ्या लग्नात आईची जांभळी, हिरव्या काठाची रेशमी नऊवारी मी हौसेने शिवून घेतली. त्या दिवशी छान दिसली. बाळंतपणानंतर कंबर बसेना. उसवायला घेतली तेव्हा काठ चार ठिकाणी तुटलेला आणि शिवणीखाली जर चुरगळून काळपट पडलेली. आईच्या अंगावर ती साडी तीस वर्षं होती. माझ्यामागे ती ना माझ्या बहिणीला नेसता आली, ना पुढे माझ्या मुलीला येईल. याचं मला आजही वाईट वाटतं.

नेसायच्या साडीला माप नसतं, हे तिचं सगळ्यात मोठं बळ. आजीची साडी नातीला होते, बारीक असो की जाड. आत परकर लागत नाही. हल्ली मुली खाली लेगिंग घालतात, तेही चालतं. सगळी मदार कमरेच्या पहिल्या गाठीवर. माझी मावशी नेसवताना म्हणते, "पोट आत घे, श्वास धर," आणि गाठ अशी आवळते की डोळ्यांत पाणी येतं. मग निऱ्या, मग दोन पायांतून मागे नेऊन खोचलेला काष्टा, शेवटी पोटाशी खोचलेला घोळ, म्हणजे ओचा. पिन एकही नाही. पहिली दहा मिनिटं काचतं, नंतर साडी अंगाशी जुळते. मांडी घातली की सैलावते, उभं राहिलं की पुन्हा पायाशी येते. शिवलेलीत हे होत नाही. होमासमोर पाटावर तासभर बसलं की ती मांडीत आणि गुडघ्यात ओढते.

नेसायचीला वेळ मात्र लागतो. सवयीचा हात असेल तर पंधरा-वीस मिनिटं, नवखीला पाऊण तास. दिवसभरात ती सुटलीच तर पुन्हा नेसवणारं माणूस जवळ हवं. परदेशात एकटीने संक्रांतीचं हळदीकुंकू करणाऱ्या मैत्रिणीला मी नेसायचीचा आग्रह धरणार नाही.

निर्णय खरं तर कापडावरून घ्यावा. सुती किंवा इरकल असेल तर डोळे झाकून नेसा. गाठ घट्ट बसते, घाम टिपला जातो, शिकायलाही तीच सोपी. कृत्रिम रेशीम गुळगुळीत, गाठ सरकते. ती खुशाल शिवा. यंत्रमागावरची सेमी पैठणीही शिवायला हरकत नाही. पण येवल्याच्या हातमागावरची पैठणी असेल तर तिला कात्री लावू नका. तिच्या पदरावरचा एकेक मोर विणकर वेगवेगळ्या रंगांचे धागे हाताने अडकवत विणतो, म्हणून उलटी बाजूही सुलटीसारखीच नेटकी दिसते. अशा साडीला महिनेच्या महिने लागतात.

नवरीला माझं सांगणं असं: मामाकडून येणारी विधींची पिवळी साडी, अष्टपुत्री, नेसून घ्या, ती थोड्या वेळाचीच असते आणि त्या वेळी घरच्या बायका भोवती असतातच. पुढे वरात किंवा नाच असेल तर त्यासाठी वेगळी, स्वस्तातली शिवलेली ठेवा. लग्नाआधी महिनाभर घरच्या सुती साडीवर चार-पाच वेळा सराव केला, तर स्वतःची स्वतःलाही नेसता येते.

शिवायचीच ठरली, तर साडी न कापता शिवून देणारे शिंपीही आहेत. आधी तसं स्पष्ट विचारा. कंबरेत दोन-तीन इंच दाब, म्हणजे पुढे सैल करता येईल असं जादा कापड, आत ठेवायला सांगा, उरलेला तुकडा मागून घ्या. आणि घालून बघाल तेव्हा आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. दुकानातच खाली मांडी घालून बसा, वाकून नमस्कार करा, दोन पायऱ्या चढा. कुठे ओढतंय ते तिथेच कळेल.