प्रदर्शनातला डस्टर: पावडर उडाली, गाडी खरवडली

थंडी पडली की नागपुरात मैदानामैदानांवर प्रदर्शनं लागतात. लोणची-पापड, मसाजच्या खुर्च्या, न चिकटणारे तवे, आणि एखाद्या कोपऱ्यात टेबलावर ठेवलेलं गाडीचं सुटं बोनेट. त्या बोनेटवाल्या स्टॉलबद्दल हे लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यात पूर्व नागपुरातल्या एका प्रदर्शनात मी तिथून गाडीवरची धूळ पुसायचा ९५० रुपयांचा डस्टर घेतला. माझ्या गाडीच्या बोनेटवर आणि टपावर आज ज्या रेघा आहेत त्या त्याच डस्टरच्या.

आधी तो खेळ कसा चालतो ते सांगते, कारण खरी फसवणूक डस्टरपेक्षा त्या खेळातच आहे. बोनेट काळं, तोंड दिसेल इतकं चकचकीत. विकणारा पोरगा डब्यातून त्यावर पांढरी भुकटी भुरभुरतो. मग मरून रंगाच्या जाड झिपऱ्यांचा डस्टर अलगद एकदाच ओढतो. भुकटी गायब. "ताई, हात लावून पाहा ना, एक कण राहिला का सांगा." हात लावला तर खरंच काही नाही. "ओरखडा दिसते का कुठं? वॅक्सवाला कॉटन आहे, इम्पोर्टेड. मशीनमध्ये धुवा, दहा वर्षं पाहायचं काम नाही. बाहेर अठराशेला आहे, इथं साडेनऊशे." मागे उभे असलेले दोन काका पाकीट काढायलाही लागले होते. ते गिऱ्हाईक होते की त्याचीच माणसं, देव जाणे.

त्या भुकटीला गुलाबाचा वास येत होता. म्हणजे ती अंगाला लावायची टाल्कम पावडर. टाल्क हा सगळ्यात मऊ खनिजांपैकी एक. काठिण्याच्या मोह्‌स मापावर त्याचा नंबर १, म्हणजे अगदी तळाचा. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते, आणि वाळूतल्या क्वार्ट्‌झचा नंबर ७. तो काचेलाही ओरखडा पाडतो. आता नागपूरची धूळ आठवा. जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते, कुठे ना कुठे खोदकाम, आणि उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची औष्णिक वीजकेंद्रं. तिथल्या राखेतही मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, आणि अ‍ॅल्युमिना असतं. मनीषनगरात माझी गाडी कडुनिंबाखाली उघड्यावर उभी असते. सकाळी काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. ही धूळ आणि ती गुलाबाची पावडर यांचा काही संबंध नाही. टाल्कम पावडर जुन्या बनियननं पुसली तरी ओरखडा येणार नाही.

दुसरी लबाडी बोनेटच्या चकाकीत. हात फिरवला तेव्हा ते बोट घसरेल इतकं गुळगुळीत लागलं होतं. नंतर एका पेंटिंगवाल्या दादांना विचारलं, तर ते हसले. सिलिकॉनचा स्प्रे मारून ठेवतात म्हणाले. त्यावर काहीच धरत नाही. त्यात तो पत्रा सावलीत, कोरडा, थंड. खऱ्या गाडीवर रात्रीचं दव असतं, कबुतराची घाण असते, झाडाचा चिकट रस असतो. मी त्या पोराला म्हटलं होतं, "भाऊ, माझी गाडी बाहेरच उभी आहे, तिच्यावर दाखव." त्यावर तो म्हणाला, "स्टॉल सोडून येता येत नाही ताई, मालक ओरडते." तिथेच वळून निघायला हवं, हे आता इतरांना सांगते. जो माल तुमच्या धुळीवर चालवून दाखवायला विक्रेता तयार नाही, तो घेऊ नका.

घरी आणल्यावर सुरुवातीला गाडी छानच दिसली. पुसल्या पुसल्या चमक येई. पण दुसऱ्या दिवशी धूळ नेहमीपेक्षा जास्त बसलेली, आणि ती फुंकरीनं उडेना. बोट फिरवलं तर तेलकट. मग अवकाळी पाऊस आला. रात्री वर्धा रोडवरून येताना वायपर लावला आणि समोरच्या काचेवर पांढरट पडदाच तयार झाला. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या पडद्यात असा पसरला की रस्त्याचा दुभाजक दिसेना. गाडी बाजूला घेऊन पाण्याच्या बाटलीनं काच धुतली, तरी तेलाचे फराटे हलेनात. मी हे लिहायला बसले ते या रात्रीमुळे. रंगावरच्या ओरखड्यांसाठी कदाचित एवढे कष्ट घेतले नसते.

ओरखडे दिसले पेट्रोल पंपावर. पंपाच्या छताला पांढऱ्या ट्यूब असतात, त्यांच्या तिरप्या उजेडात गडद निळ्या रंगावर सगळं उघडं पडतं. केसाएवढ्या बारीक सरळ रेघा, शेकड्यांनी, आणि सगळ्या डस्टर ओढला त्याच दिशेच्या. बोनेटवर आडव्या, टपावर उभ्या. गोल फिरवून पुसणाऱ्या फडक्याचे ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार दिसतात. हे तसे नव्हते, त्यामुळे सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्या पोरावर खापर फोडायची सोय राहिली नाही. (तो पोरगा सगळ्या गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्यानं पुसतो, तो वेगळाच विषय.)

पेंटिंगवाल्या दादांनी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिलं. "ताई, वरच्या कोटात आहे सगळं. पॉलिशनं जाईल. पण दरवेळी कोट घासून कमी होते, हे ध्यानात ठेवा." रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात. केसापेक्षा पातळ थरातून पॉलिशला किती वेळा काढता येणार?

डस्टरचं खरं रूप उघड केलं ते बाबांनी. बाबांची सगळी नोकरी एम्प्रेस मिलमध्ये, विणाई खात्यात झाली. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली ती मिल; तिथं उभं आयुष्य काढलेल्या माणसाला सूत ओळखायला चष्मा लागत नाही. बाबांनी डस्टरची एक झिपरी कात्रीनं कापली, चिमट्यात धरली आणि गॅसवर नेली. झिपरी जळण्याआधी आक्रसली, मग वितळून थेंब थेंब गळायला लागली, काळा धूर आला. स्टीलच्या ताटलीत पडलेला थेंब गार झाल्यावर नखानं टोचला, तर कडक मणी. "कापूस असा गळते का कधी?" बाबा म्हणाले. "सूत जळलं तर राख होते आणि कागद जळल्याचा वास येते. हे पॉलिस्टर आहे, तेही साधं." वर कुठलंसं स्वस्त तेल आणि कच्चा रंग. पांढऱ्या कागदावर झिपरी घासली तर मरून डाग पडला आणि त्याच्याभोवती तेलाचं कडं पसरत गेलं. (ही परीक्षा खिडकी उघडी ठेवून, हाताला न धरता करा. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.)

आता अस्सल माल कसा असतो ते. कोरड्या धुळीसाठी गाडीचे डस्टर मुख्यतः दोन जातींचे. पहिला मेण दिलेल्या सुती झिपऱ्यांचा. त्यातल्या पॅराफिन मेणामुळे धूळ घासली न जाता झिपऱ्यांना धरली जाते. असा डस्टर नवा असताना वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवतात, म्हणजे जास्तीचं मेण कागद पितो. तो वापरून झाल्यावर बाहेर नेऊन झटकायचा. सहसा धूत नाहीत, कारण साबणानं मेणच निघून जाईल. दुसरा मायक्रोफायबरचा. तो पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) मिळून बनतो, बहुतेक वेळा ८०:२० किंवा ७०:३० प्रमाणात. धागे अतिशय बारीक आणि चिरलेले, म्हणून धूळ त्यांच्या फटीत अडकते. तो धुता येतो, पण फॅब्रिक सॉफ्टनर न घालता आणि सुती कपड्यांपासून वेगळा.

हे माहीत असेल तर त्या पोराचं एकच वाक्य त्याला पकडून देतं: वॅक्सवाला आहे आणि मशीनमध्ये धुवा. दोन्ही खरं असू शकत नाही. मशीनमध्ये धुतला की मेण गेलं, आणि मेण गेलं की हातात उरला नुसता पोछा. पाकिटावर तर आणखी कहर होता. एका बाजूला 'शंभर टक्के मायक्रोफायबर', दुसऱ्या बाजूला 'वॅक्स कोटेड कॉटन'. छापणाऱ्यानंही वाचलं नसावं.

घेताना जळवून पाहता येणार नाही, पण हात तर लावता येतो. मायक्रोफायबर कोरड्या तळव्यावर ओढला की कातडीला किंचित अडकतो, विशेषतः हिवाळ्यात हात फुटलेले असताना; साधं पॉलिस्टर सरळ घसरून जातं. झिपऱ्या दोन बोटांनी फाकवून मुळापाशी पाहा. विरळ असतील आणि मधली प्लास्टिकची पट्टी दिसत असेल तर ती पट्टी एक दिवस रंगाला लागणारच. दांड्याला धातूचा उघडा स्क्रू आहे का तेही पाहा. मेणाच्या डस्टरला मंद मेणबत्तीचा वास येतो. रॉकेल किंवा जळक्या तेलाचा उग्र वास आला तर हात धुऊन पुढे चला. आणि आपल्या रुमालाचा कोपरा झिपऱ्यांवर घासून पाहा. मेणाचा हलका तेलकटपणा येईल, तो चालतो. पण रंग उतरला तर विषय संपला.

चांगला डस्टर घेतला तरी तो गाडी धुण्याला पर्याय नाही, हेही विक्रेते सांगत नाहीत. तो फक्त वरवरच्या कोरड्या, सैल धुळीसाठी. डिसेंबरच्या सकाळी दवानं धुळीचा लगदा झालेला असतो. तेव्हा कुठलाही डस्टर फिरवला तरी तो वाळूच घासणार. चिखलाचे शिंतोडे, पक्ष्यांची घाण यांना पाणीच हवं. डस्टर दाबायचा नाही, त्याच्या वजनानंच ओढायचा, आणि दर थोड्या वेळानं झटकायचा. मी आता मायक्रोफायबरचा वापरते, सीताबर्डीवरच्या एका दुकानातून पक्कं बिल घेऊन आणलेला. तोही उन्हाळ्यात, वादळी वारा सुटल्यावर, आधी पाइपनं पाणी मारल्याशिवाय गाडीला लावत नाही.

तक्रारीचं काय झालं, हे प्रत्येक जण विचारतो. प्रदर्शन उठलं होतं. आयोजकांच्या माणसानं फोनवर सांगितलं की स्टॉलवाल्यांशी त्यांचा संबंध भाड्यापुरता. माझ्याकडे होतं काय? एक चिटोरं, त्यावर '९५०' आणि एक गिचमिड सही. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. पाकिटावर 'इम्पोर्टेड क्वालिटी' ठळक, पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, माल कुठल्या देशाचा, ग्राहक तक्रारीचा फोन, काहीच नाही. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे बंद पाकिटावर हे सगळं छापलेलं असायलाच हवं, त्यामुळे असं कोरं पाकीट हीच पहिली धोक्याची खूण समजा. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर परत करायला तीस दिवस धरले जातात. हे कलम हातात असूनही ते बजावायचं कोणावर, हा प्रश्न माझ्यापाशी राहिला. म्हणून स्टॉलवर पैसे देताना ते ऑनलाइनच द्या, म्हणजे निदान ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव मोबाइलवर राहतं; आणि स्टॉलच्या पाटीचा, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिथेच काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तिथेही विकणाऱ्याचं नाव आधी लागतं.

आणि ज्यांच्या डिकीत असा मरून डस्टर आधीच पडलेला आहे त्यांनी तो काचेला तरी लावू नये. लावला असेल तर कार शाम्पूनं काच दोनदा धुवा, वायपरच्या रबराची कडही ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कारण तेल तिथं साठून राहतं आणि प्रत्येक फेरीला पुन्हा काचेवर येतं. माझी काच धुऊन लख्ख झाली होती. वायपर चालवला आणि फराटे परत आले, तेव्हा हे कळलं. शेवटी वायपरचे रबरच बदलले.