आधारच्या सात झेरॉक्स

'लुप्तप्राय मराठीसाठी फेलोशिप' असं कुणी म्हटलं तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आधी हसायला हवं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर आहेत. केंद्र सरकारची लुप्तप्राय भाषांची योजना २०१३ पासून म्हैसूरचं भारतीय भाषा संस्थान चालवतं, पण ती दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांसाठी. हे मी एमएच्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवलंय. तरी मी हसले नाही. मी ४८,६०० रुपये भरले.

मी कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली. घरी मी 'मी गेलो', 'मी भात खाल्लो' असंच बोलते. पुण्याला शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात वसतिगृहातल्या पोरी हसल्या, तेव्हा 'गेले' आणि 'खाल्ला' शिकले. पुढं कळलं की या 'खाल्लो'वर पीएचडी करता येते. प्रमाण मराठीत 'मी भात खाल्ला' म्हणताना क्रियापद भातामागं जातं, म्हणजे त्याचं रूप भाताच्या लिंग-वचनाप्रमाणं ठरतं. आमच्याकडं ते खाणाऱ्यामागं जातं, कन्नडमध्ये जातं तसं. सांगलीजवळच्या कुपवाडला मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी-शेजारी राहून व्याकरणानं कशा एकमेकींसारख्या झाल्या, यावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली लिहिलं आणि ते गाव जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना माहीत झालं. मला वाटायचं, कुपवाडचं झालं तर आमचं का नाही? फसवणूक या वाटण्यातून आत आली. पैशांची निकड होतीच, पण ती नंतरची गोष्ट.

निकडीचंही सांगते. १८ जून २०२४ ला मी नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली, ती दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा झाली. निकालात मला फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्रता मिळाली, जेआरएफ थोडक्यात हुकली. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. ती मिळालेला माझा वर्गमित्र आता लॅपटॉप बदलायच्या गोष्टी करतो. मी मात्र फिल्डवर्क शक्ती योजनेच्या, म्हणजे कर्नाटकात बायकांना मिळणाऱ्या मोफत बसप्रवासाच्या, शून्य रुपयांच्या तिकिटावर करत होते. आधार दाखवायचं, लाल बसमध्ये बसायचं, घाटाकडच्या वाडीवर उतरायचं आणि शेवटची बस चुकायच्या आत परतायचं. रेकॉर्डर म्हणजे माझा फोन.

अशात व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली, सीमाभागातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली शुद्ध मराठी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या निमित्तानं सीमाभागातल्या 'लुप्तप्राय मराठी बोलीं'च्या संशोधकांना दोन वर्षं महिना ३०,००० रुपये आणि ध्वनिमुद्रणाच्या साहित्यासाठी वेगळे एक लाख. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. एव्हाना ते बदललेलंही असेल. अभिजात दर्जाच्या बातम्या ताज्या होत्या, सगळीकडं 'आता निधी येणार' अशी चर्चा होती. फसवणारे बातमीच्या पाठोपाठच येतात.

अर्जाची फी १,१८० रुपये. एक हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. खटकायला हवं होतं, पण नेटच्या फॉर्मला खुल्या गटातून ११५० भरलेल्या माणसाला १,१८० खटकत नाहीत. ही रक्कम त्यांनी विचार करून ठरवली असणार असं मला आता वाटतं.

दोन दिवसांनी फोन आला. बाईंचा आवाज, पुणेरी, गोड. पहिलाच प्रश्न : "ताई, महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव आहे ना?" सीमाभागाबाहेरच्या वाचकाला यातली जादू कळायची नाही. आमच्या घरात हा आकडा देव्हाऱ्यातल्या फोटोसारखा आहे. आजोबा मोर्च्याला जायचे, बाबा एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावायचे. कुणीतरी महाराष्ट्रातून फोन करून तो आकडा बरोबर सांगतंय, म्हणजे ते आपलंच माणूस. बाईंनी मला विषय विचारलाच नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग मुलाखत. व्हिडिओ कॉलवर तिघं, त्यातल्या दोघांचे कॅमेरे बंद. गाव, घरी किती माणसं, शेती किती, खातं कोणत्या बँकेत. भाषेवर एकच प्रश्न : "आयपीए येतं का?" म्हणजे उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी. मी हो म्हटलं. "उत्तम! आपलं काम फार मोलाचं आहे." संपली मुलाखत, अकरा मिनिटांत. माझ्या गाईड मॅडमनी याच विषयाच्या आराखड्यावर मला दीड तास बसवलं होतं. किती भाषक, कोणत्या वयाचे, घरात कन्नड किती, बायका किती, नमुना असाच का, संमती कशी घेणार, ध्वनिफिती ठेवणार कुठं. रडकुंडीला आले होते. ज्याला खरोखर पैसे द्यायचे असतात तो छळतो. जो अकरा मिनिटांत 'उत्तम' म्हणतो त्याला तुमच्या कामाशी देणंघेणं नसतं. पण त्या रात्री मला मॅडमच खडूस वाटल्या.

निवडपत्र आलं. त्यात एक ओळ ठळक अक्षरांत होती : अधिकृत घोषणेपर्यंत निवड गोपनीय ठेवावी, अन्यथा रद्द होईल. म्हणून मी मॅडमना सांगितलं नाही. खरं तर जाहीर झाल्यावर एकदम सांगून त्यांना चकित करायचं होतं.

मग कागदपत्र पडताळणीचे ४,७२०. निधी काही अंशी परदेशातून येतोय म्हणून गृहमंत्रालयाच्या परवानगीचे १७,७००. हे पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर गेले. मंत्रालयाचं शुल्क मंत्रालयाच्या पोर्टलवर का नाही, हा प्रश्न मला पडला होता, विचारलाही होता. "ताई, आम्ही सगळ्यांचं एकत्र भरतो, म्हणजे लवकर होतं." शेवटी परत मिळणारी अनामत, २५,०००. अनामतीवर जीएसटी लावला नाही त्यांनी. एवढा बारकावा!

अनामतीचे पैसे आईचे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार तिनं खात्यातच ठेवले होते, दारापुढची फरशी करायची म्हणून. बाकीचे बायकांच्या बचत संघातून उचलले. चुलीपुढं बसून ती एवढंच म्हणाली, "ते तुला पैसे देणार म्हणूलेत न्हवं? मग तू का भरूलीस?"

मी तिला प्रक्रिया समजावून सांगितली. सातवी शिकलेल्या बाईला पीएचडीवाल्या पोरीनं.

पैशाचं इथवर. सगळ्यात वाईट गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

अनामतीच्या आधी त्यांनी मागितलं होतं की ज्यांचं बोलणं मी ध्वनिमुद्रित करते त्या भाषकांना प्रत्येकी ५,००० रुपये मानधन थेट खात्यात जाईल, सबब त्यांचं आधार आणि पासबुकाचं पहिलं पान पाठवावं. मला आनंद झाला. या म्हाताऱ्या बायका मला तासन्‌तास बोलून द्यायच्या, वर चहा पाजायच्या, आणि मी त्यांना बिस्किटाचा पुडा द्यायचे. आता पाच हजार! मी वाडीवर गेले, सात जणींची आधार गोळा केली, खानापूरला येऊन झेरॉक्स मारल्या, प्रत्येकीवर सही किंवा अंगठा घेतला, आणि पाठवून दिल्या. संमतिपत्रावर मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाक्य आहे : 'आपली माहिती संशोधनाबाहेर कुणालाही दिली जाणार नाही.'

उलगडा पाचव्या मागणीला झाला. ध्वनिमुद्रणाचं साहित्य जर्मनीहून आलंय, कस्टममध्ये अडकलंय, ५९,००० भरा. इतके पैसे आमच्याकडं नव्हतेच. असते तर भरले असते, खोटं कशाला बोलू. नाइलाजानं मॅडमकडं गेले, उसने मागायला. त्यांनी पावत्या हातात घेतल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून जीएसटी क्रमांक वाचू लागल्या. पंधरा आकडे-अक्षरांतले पहिले दोन राज्याचे असतात : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. पत्ता दिल्लीचा होता, क्रमांक ०९ ने सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला तर एका कापड दुकानाचा निघाला. ईमेलचा पत्ता डॉट ओआरजी डॉट इन होता; ते नाव कुणीही विकत घेतं. डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एसी डॉट इन असं नाव मात्र वाटेल त्याला मिळत नाही. संकेतस्थळ कधी नोंदवलं ते पाहिलं, तर पीडीएफ यायच्या तीन आठवडे आधी. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मॅडम ओरडल्या नाहीत. "मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाल्या, आणि मी त्यांना ती गोपनीयतेची ओळ दाखवली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्यांच्यासमोरच फोन लावला. अनामत जाऊन नऊ दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या, तासा-दोन तासांत हा नंबर लावला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता बरीच असते; नऊ दिवसांत ते चार खाती फिरून गेलेले. माझे ६,२०० रुपये कुठल्यातरी खात्यात गोठलेत, अजून हातात आलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेळगावला सीईएन पोलीस ठाण्यात गेले, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे तिथं नोंदवतात. लिहून घेणाऱ्या पोलिसांनी विचारलं, "एन ओदताइद्दीरी?" काय शिकता? म्हटलं, भाषाशास्त्र री. त्यांनी तोच शब्द कन्नड लिपीत लिहिला. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं ऐकली, पण दोन्ही भाषांना एकच शब्द पुरला तो तक्रारअर्जात.

मग वाडी. सातही घरी जायचं होतं. नातवांच्या फोनवरून प्रत्येकीचं बायोमेट्रिक आधारच्या संकेतस्थळावर लॉक केलं. दोघींचा नंबर आधारला जोडलेलाच नव्हता, त्यांना खानापूरच्या केंद्रावर नेलं. बँकेत सांगून ठेवलं. एकीला 'मानधन जमा करायचंय, ओटीपी सांगा' असा फोन येऊनही गेला होता, तिच्या नातवानं शिव्या घालून ठेवला. वाचली. मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते हे की आधारची मास्क केलेली प्रत मिळते, तिच्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि मुळात ध्वनिमुद्रणाच्या संमतीला आधार लागतच नाही. नाव-गाव, सही किंवा अंगठा, नाहीतर तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग पुरतं.

खऱ्या निधीबद्दल विचारणारे भेटतात म्हणून लिहिते. जेआरएफचे पैसे थेट खात्यात येतात. परीक्षेची फी सोडली तर मध्ये कुणी काही मागत नाही. संकटातल्या भाषांच्या नोंदणीचा २००२ साली लंडनमध्ये सुरू झालेला आणि आता बर्लिनच्या अकादमीत असलेला ईएलडीपी नावाचा कार्यक्रम आहे. त्याच्या अर्जाला पैसे पडत नाहीत, पण भाषा खरोखर संकटात असल्याचं पटवून द्यावं लागतं आणि जमवलेलं सगळं त्यांच्या ध्वनी-चित्रफितींच्या संग्रहात ठेवावं लागतं. तिथं माझं 'खाल्लो' बसत नाही. घाटाकडं एखाद्या छोट्या जमातीच्या बोलीवर काम करणाऱ्यानं जरूर बघावं. मला निवडपत्र देणाऱ्यांनी 'ही भाषा संकटात आहे कशावरून?' असं एकदाही विचारलं नव्हतं.

सातव्या घरी जायला मी सगळ्यात जास्त घाबरले होते. ऐंशीच्या पुढची आज्जी, माझ्या निम्म्या ध्वनिफिती तिच्याच. ती अंगणात काजू वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, चुकलं म्हटलं, पाया पडले. ती काजू पसरतच राहिली. मग म्हणाली, "त्यांस्नी कुठं दिलो मी? मी तुला बघून दिलो."

दिलो. झेरॉक्स 'दिली' नाही, 'दिलो'. बाईच्या तोंडी, देणाऱ्यामागं गेलेलं क्रियापद, इतकं स्वच्छ उदाहरण मला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. आणि फोन मी मुद्दाम पिशवीत ठेवला होता.

लाज सोडून विचारलं, "आज्जी, हे लिहून घेऊ?"

"लिही की," ती म्हणाली. "आधार न्हाई देणार."

बसच्या शून्य रुपयांच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.