लिनक्स की ३८६बीएसडी: एकाच प्रोसेसरवरच्या दोन सुरुवाती

लिनक्स आणि ३८६बीएसडी या दोन्ही प्रकल्पांना युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर चालवायची होती. फरक होता तो हातात काय होतं याचा.

३८६बीएसडीकडे बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सचा, म्हणजे बीएसडीचा, तयार माल होता. जून १९९१ मध्ये आलेल्या नेट/२ या बर्कलीच्या आवृत्तीत जवळपास अख्खी प्रणाली होती, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) फक्त सहा फायली नव्हत्या. विल्यम आणि लिन जोलिट्झ यांनी त्या नव्याने लिहिल्या. १९९२ च्या जुलैमध्ये ३८६बीएसडीची ०.१ आवृत्ती आली, तीही नेटवर्किंगसकट.

लिनक्सची पहिली आवृत्ती, सप्टेंबर १९९१ ची ०.०१, त्यापुढे अगदीच कच्ची: सुमारे दहा हजार ओळी, कंपाइल करायलाही मिनिक्स ही दुसरी युनिक्ससारखी प्रणाली लागायची आणि कीबोर्डची मांडणी फिनिश. रूट पार्टिशन (प्रणालीच्या मुख्य फायली असलेला डिस्कचा भाग) बदलायचं तर कॉन्फिग.एच ही कोडची फाइल उघडून ०x३०६ हा आकडा बदलायचा आणि कर्नल पुन्हा कंपाइल करायचा. शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) आणि कंपायलर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे, म्हणून बाकी गाडं चाललं.

कागदावर बीएसडीच सरस. पण लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या ३८६बीएसडीच्या मूळ कोडमध्ये वेळेवर जात नव्हत्या. लोक पॅचकिट, म्हणजे दुरुस्त्यांचे संच, फिरवत राहिले आणि १९९३ मध्ये त्यातूनच नेटबीएसडी व फ्रीबीएसडी निघाले. त्यात बर्कलीच्या कोडवरून युनिक्सचे हक्क असलेल्या यूएसएल कंपनीने १९९२ मध्ये भरलेला खटला, तो मिटला १९९४ मध्ये. शेवटी बर्कलीच्या सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या जेमतेम तीन!

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स मात्र लोकांचे पॅच घेऊन भराभर नवी आवृत्ती सोडत होते. ०.१२ पासून जीपीएल हा ग्नूचा मुक्त परवाना आला, पैसे घेऊन वाटण्यावरची बंदी उठली आणि वितरणांची (लिनक्सच्या तयार संचांची) वाट मोकळी झाली.