वयाचा विसर की डिमेन्शिया?

साठी उलटली की नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा शोधावा लागतो. हा वयाचा विसर. आठवण आत असते, वर यायला वेळ लागतो. कुणी पहिलं अक्षर सांगितलं की नाव सुचतं. व्यवहार अडत नाहीत.

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती इतकी ढासळणं, की रोजचे व्यवहार अडू लागतात. त्याच्या ६० ते ७० टक्के रुग्णांत कारण अल्झायमर हा मेंदूचा आजार असतो. त्यात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो, त्यामुळे नवी आठवण नीट साठतच नाही आणि खूण सांगूनही फारसा उपयोग होत नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा येतो. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, पैशांचा हिशेब जमेनासा होतो. कृपा करून 'मघाशीच सांगितलं ना!' म्हणून ओरडू नका. त्यांच्यासाठी तो प्रश्न खरोखर पहिलाच असतो.

मला सर्वांत बोलका वाटणारा फरक असा: वयाच्या विसराची तक्रार बहुधा माणूस स्वतः करतो, डिमेन्शियाची घरचे करतात.

गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक वाढला, तर संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. लगेच डॉक्टर गाठा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.