ट्रॅक लोडरची मोटर गेली सांगून मला १,८९,१०० ला फसवलं, मशीनवाल्यांनी वाचा

लिहू का नको करत चार दिवस गेले, कारण लाज वाटतेय. पण डोकं शांत होईना म्हणून लिहितोय.

माझ्याकडं सेकंडहँड ट्रॅक लोडर आहे, बॉबकॅटसारखंच छोटं मशीन पण टायरच्या जागी रबरी ट्रॅक. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्लॉट लेव्हलिंग करतो, स्वतःच चालवतो. पावसात काळ्या मातीत टायरवालं रुततंय, हे चालतंय, म्हणून कर्ज काढून घेतलं, हप्ता ४१,३५०. जूनमध्ये डावा ट्रॅक दमायला लागला. बकेट भरून पुढं निघालं की मशीन डावीकडं वळायचं. रिव्हर्सला मात्र एकदम ओके.

ओळखीतनं एका मेकॅनिकचा नंबर मिळाला. तो आला, मोटरवर हात ठेवला आणि म्हणाला "मालक, ड्राइव्ह मोटर गेली बघा, लई तापलीय." (म्हणजे तेलाच्या प्रेशरवर ट्रॅक फिरवणारी मोटर.) अहो दिवसभर काम करून आलेली हायड्रॉलिक मोटर तापणारच की! प्रेशर गेज लावला नाही, डाव्या उजव्या होस अदलाबदल करून बघितल्या नाहीत, केस ड्रेनचा, म्हणजे मोटरच्या आत गळलेलं तेल परत नेणारा पाइप सोडून बादलीत किती तेल येतंय तेपण बघितलं नाही. मी विचारलं, "रिव्हर्सला ओढतंय की ओ." तर म्हणतो, "रिव्हर्सला लोड नसतो मालक."

इथं मी गप्प बसलो. त्याच दिवशी सकाळी मी भरलेली बकेट घेऊन खालच्या प्लॉटातनं चढावर रिव्हर्समध्येच वर आलो होतो! मोटर आतनं झिजली असती तर दोन्ही बाजूला दमली असती, पुढं पण आणि मागं पण. एवढं साधं त्यावेळी सुचलं नाही, रात्री झोपताना रोज तेच आठवतंय.

मी काय नवशिका नाही. बारा वर्षं जेसीबी चालवलाय. पण जेसीबीला टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स असतो, तिथलं दुखणं आवाजावरनं कळतं. ह्याला दोन ट्रॅकना दोन वेगळे पंप, दोन मोटरी, सगळं तेलाच्या प्रेशरवर, आणि त्यातलं जाणणारी माणसं आपल्याकडं मोजकीच. वरनं काम अडलेलं, पार्टी दिवसातनं चारदा फोन करणार. माणूस काय करणार?

रिबिल्ट मोटरचे १,६५,००० सांगितले. १,००,००० त्या दिवशी यूपीआयनं, ६५,००० दुसऱ्या दिवशी. मग तेलाचे ११,४००, मजुरी ९,५००, ट्रान्सपोर्ट ३,२००, हे सगळं रोख. बिल मागितलं तर कोरी चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही. बिल नसेल तर पैसे सोडू नका, कितीबी घाई असू दे. आणि जुना पार्ट आपल्याजवळच ठेवा, खोलायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा. मी काढला नव्हता. जुनी मोटर तो "एक्सचेंज"मध्ये घेऊन गेला.

अकरा दिवसांनी पिवळी चकचकीत मोटर बसली. प्रॉब्लेम तसाच. म्हणाला रन-इन व्हायला पाहिजे, म्हणजे थोडं चालून रुळायला पाहिजे. चौथ्या दिवशी मोटर पुसताना कोपऱ्यावर खळगा हाताला लागला, मागच्या वर्षी दगड लागून पडलेला तोच. माझीच मोटर, नुसता रंग मारून मला परत विकली!

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींना आणलं. ते पहिलं वाक्य काय बोलले, "पुढं दमतंय आणि मागं नाही, तर मोटर कशाला खोलली?" पंपावर त्या बाजूचे दोन रिलीफ व्हॉल्व्ह असतात, प्रेशर जास्त झालं की तेल सोडणारे, एक पुढचा, एक मागचा. दोन्ही अदलाबदल केले, तर ट्रॅक पुढं नीट ओढायला लागला आणि रिव्हर्सला दमला. एका व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकून चरा पडला होता, म्हणून पुढं जाताना प्रेशर टिकत नव्हतं. नवीन व्हॉल्व्ह ६,८००, मजुरी १,५००. तासाभराचं काम.

पोलीस स्टेशनला गेलो तर "हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा." पुन्हा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा मलाच उलटं विचारलं, रोख का दिले? अहो यूपीआयचे १,६५,००० तर दिसतायत ना मोबाईलवर! साधा अर्ज घ्यायला तीन फेऱ्या, पोच मागितली तर "ठेवून जावा." सायबर हेल्पलाईनवाले म्हणतात पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक तक्रारीला गेलो तर मशीन धंद्याचं आहे म्हणून हात वर. वकिलानं सांगितलं की स्वतः चालवून पोट भरत असेल तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात त्याला ग्राहकच धरतात, हे खिडकीतल्या माणसाला माहीत नाही का? वकिलानंच सांगितलं, स्टेशनला गुन्हा नोंदवून घेत नसतील तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवीन कायदा) कलम १७३(४) खाली एसपींना पोस्टानं लेखी पाठवा, रजिस्टर पोस्टाची पावती जपा. पाठवलंय, नऊ दिवस झाले, उत्तर नाही.

आणखी एक, मोटर गेली म्हणणाऱ्याला केस ड्रेन फिल्टर तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा. खरंच मोटर फुटली असेल तर त्यात धातूचा चुरा दिसतोच. माझा फिल्टर स्वच्छ होता, मिस्त्रींनी काढून हातात दिला.

तो माणूस माझा फोन उचलत नाही. काल कळलं, हातकणंगल्याकडं कुणाचीतरी ट्रॅक मशीन खोलून बसलाय, मोटर गेलीय म्हणतोय. ती मशीन कुणाची माहीत असेल तर आजच त्याला हे दाखवा.